बोळातला रिव्हर्स

“घाटात बंद पडते म्हणालात ना? मग पडू दे की आता,” मी म्हणाले.

“तू बसलीयास म्हणून न्हाई पडत,” अप्पा म्हणाले. “गाडीला बी माणूस कळतं.”

जीप घाट चढत होती. मागच्या सीटांवर शौकत उस्तादांनी वाळूची पोती टाकून दिलेली, माझ्या मांडीवर स्कॅनर, त्याची वायर डॅशबोर्डखाली खोचलेली, आणि मी पडद्यावरच्या एका हिरव्या रेषेकडे इतकी टक लावून बघत होते की मला मळमळायला लागलं होतं. रेषा चढावर वर जायची, उतारावर खाली यायची, एकदम शहाण्या मुलीसारखी. ती मध्येच तुटायला हवी होती. तुटतच नव्हती.

तुम्ही मला हसता ना, की उजूकडे कुठलीही गाडी आली, अगदी हवा भरायला आली तरी ती आधी रिव्हर्स टाकून बघते? तर ते तेव्हापासूनचं आहे. ऐका ना, मध्ये बोलू नका, मग माझी लिंक तुटते.

डिप्लोमा करून मी नुकतीच पाटणला शौकत उस्तादांच्या गॅरेजला लागले होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, वडाप चालवायचे, म्हणजे आमच्याकडची ती जीप, जी वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. पाटण ते कारळेवाडी. स्टँडवर जीपांचा नंबर लागतो, पहिली भरली की दुसरी पुढे सरकते, आणि नंबर म्हणजे नंबर, त्यात सख्ख्या भावाला कोणी सोडत नाही. आणि अप्पांची जीप दिवाळीपासून मध्येच बंद पडायला लागली होती. कधी आठवडाभर काही नाही, कधी एकाच दिवसात दोनदा. बंद पडली की थोड्या वेळानं आपली आपण चालू. मग ठरलेल्या वेळेला नंबरावर गाडी नाही, आणि माणसं उन्हात बसलेली.

त्या दिवशी सकाळीच स्टँडचे अध्यक्ष संपतराव गॅरेजमध्ये आले होते. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि अप्पांना म्हणाले, “दत्तूअण्णा, वाईट वाटून घेऊ नका. दुपारची कारळेवाडीची फेरी भरून खाली आणून दाखवा. जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर उद्यापासनं नंबरात गाडी लावू नका. पोरं कुरकुर करत्यात.”

“आणतो की,” अप्पा म्हणाले.

“मागनं बाळूची गाडी बी सांगितलीय मी. तुम्ही येळंला पोचला न्हाईत तर तो भरंल.”

अप्पांनी नुसती मान हलवली. गेली वीस-बावीस वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस, आणि नंबरातून काढला तर करणार काय? दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचं? माझे अप्पा दुसऱ्याच्या सायकलवरसुद्धा बसत नाहीत.

बरं, दोष काय होता ते सांगते, सोपं आहे. डिझेल इंजिनात एक जाड लोखंडी नळी असते, तिच्यात डिझेल भयंकर दाबानं भरलेलं असतं. तो दाब किती आहे हे अंगठ्याएवढा एक सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सारखं कळवत असतो. तीन वायरी. एकीतून करंट जातो, एक अर्थिंगची, आणि तिसरीतून निरोप येतो. निरोप आला नाही की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिन बंद करून मोकळा होतो. स्कॅनर लावला की तो दर वेळी एकच सांगायचा, प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. म्हणून सेन्सर बदलला. तरी बंद. मग दुसरा बदलला. तरी बंद. तिन्ही वायरींवर मीटर लावला, एकदम ठणठणीत. उस्ताद म्हणाले, आता फक्त कॉम्प्युटर बदलायचा राहिला. तो बदलायचा म्हणजे जीपच विकावी लागली असती.

तर घाट झाला. वरपर्यंत गेलो, खाली आलो, परत वर गेलो. काही नाही. गॅरेजमध्ये परत येऊन पोती उतरवली, तर उस्ताद पान लावत बसलेले.

“पडली?”

“नाही ना.”

“कुठे पडते म्हणाले अण्णा?”

“घाटात. तिसऱ्या वळणावर. फुल लोडमध्ये.”

“बेटा,” उस्ताद म्हणाले, “गिऱ्हाईक सांगतं ते ऐकायचं. मानायचं नाही.”

“माझे वडील आहेत ते.”

“मग तर अजिबात नाही मानायचं.”

मी चिडले. पण चिडून बसले ना, तेव्हा मला सुचलं की अरे, स्कॅनर फक्त कोड सांगत नाही, बिघाड झाला त्या क्षणी गाडी काय करत होती तेही तो धरून ठेवतो. ते मी बघितलं होतं, पण नीट वाचलं नव्हतं, कारण घाटात हे मी धरूनच चालले होते. उघडलं. वेग, जवळजवळ शून्य. एक्सलेटर जेमतेम. इंजिन तापलेलं. मी ते दोनदा वाचलं. भरलेली जीप घाट चढताना एक्सलेटर जेमतेम? गाडी तर रांगत होती, वळवताना रांगते तशी.

“अप्पा,” मी म्हणाले, “गाडी चालताना बंद पडत नाही. वळवताना पडते.”

अप्पा टायरावर बसून तंबाखू मळत होते. मळायचे थांबले. मग परत मळायला लागले.

“न्हाई. घाटातच पडती.”

“मशीन सांगतंय.”

“मग मशीन चालव तुझं वडाप.”

उस्ताद हसले. मी सरळ जीपमध्ये बसले, चालू केली आणि तिथंच अंगणात फुल कट मारला. म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण तोडून, जाईल तितकं फिरवून. काही नाही. डावीकडे. काही नाही. मग, आता हे मला कोणी शिकवलं नव्हतं हं, उगाच चिडून मी रिव्हर्स टाकला आणि फुल कटमध्येच मागे घेतली. आणि पडद्यावरची हिरवी रेषा एकदम थरथरली. अशी. एकदाच. परत सरळ.

मी ओरडले, “उस्ताद!”

उस्ताद आले. परत केलं. परत थरथरली. पण गाडी बंद पडली नाही.

“इंजिन रिव्हर्सला उलटं झुकतं,” उस्ताद म्हणाले. “काहीतरी ओढलं जातंय. पण इथे सपाट आहे, पूर्ण ओढत नाही. चढ पाहिजे. चढावर रिव्हर्स, फुल कट.”

आणि मग आम्ही दोघंही अप्पांकडे बघायला लागलो. कारण वडापच्या रस्त्यावर रिव्हर्स घ्यायची वेळच येत नाही. पाटणला स्टँडला गोल फिरून रांगेत लागायचं, कारळेवाडीला देवळाला वळसा घालून परत. वर्षानुवर्षं. अप्पा तर म्हणायचे, माझ्या गाडीचा रिव्हर्स गियर अजून नवा हाय.

“अण्णा,” उस्ताद म्हणाले, “कुठल्या चढावर रिव्हर्स घेताय?”

तंबाखू तशीच अप्पांच्या तळहातावर. मग ती त्यांनी खाली झटकली, खाल्लीच नाही, आणि जीपजवळ आले.

“सरक,” मला म्हणाले. “तू एकटीच चल. शौकतभाई, तुम्ही नगा येऊ.”

पाटण सुटलं. कारळेवाडीचा रस्ता धरला. मी स्कॅनर घेऊन गप्प बसले होते, म्हणजे मी गप्प बसले होते यावरूनच तुम्हाला कळेल काय वातावरण होतं. मध्ये तारखोल लागतं, मोठं गाव आहे, तिथं सरकारी दवाखाना आहे. वडाप तारखोलच्या फाट्यावर थांबतं, आत जात नाही. अप्पांनी फाट्यावर इंडिकेटर दिला आणि गाडी आत घेतली.

तारखोलमध्ये मी आधी गेले होते. चोरून. आत दवाखान्याच्या मागं एक बोळ आहे, आत उतरत जाणारा, पुढं बंद, म्हणजे बाहेर यायचं तर चढावर रिव्हर्स. त्या बोळाच्या टोकाला पिवळ्या रंगाचं घर आहे, आणि त्या घरात माझी वनूताई राहायची.

वनूताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. दवाखान्यात सिस्टर होती. तिनं किशोरदाजींशी लग्न केलं, ते आपल्यातले नाहीत, एवढंच कारण. अप्पांनी तेव्हा माजघरात उभं राहून सांगितलं होतं, आजपासून ह्या घरात तिचं नाव निघणार न्हाई. आणि निघालं नाही. आई तिच्याशी बोलायची, पण गोठ्यात जाऊन. मी बोलायचे, गॅरेजमधून. माझा भाऊ बोलायचा. आजीसुद्धा, मावशीच्या फोनवरून. पण घरात नाही. तिच्या आवडीची भाजी केली तरी आई म्हणायची, “स्वस्त होती म्हणून आणली.”

बोळ आला. अप्पांनी गाडी सरळ खाली नेली, पिवळ्या घराच्या जरा अलीकडे थांबवली आणि गळ्यातला टॉवेल कानावरून घेतला, दाढ दुखत असल्यासारखा.

“खाली वाक,” ते कुजबुजले. “दिसशील.”

“कुणाला?”

“वाक म्हनतो न्हवं.”

मी वाकले. काय करणार. स्कॅनर पोटाशी धरून सीटखाली.

“रोज येता?” मी खालूनच विचारलं.

“रोज कशाला. दोन नंबरांच्या मधी रिकामा येळ असतो, तवा.” टॉवेल नीट करत म्हणाले, “आधी दिसायची. कापडं वाळत घालताना. पाठमोरी. दिवाळीपास्नं न्हाई दिसत. ड्यूटी बदलली असंल. रातपाळी देत्यात सिस्टरांना.”

मी स्कॅनरची वायर सरळ करत राहिले.

“पोरगी झालीया तिला,” अप्पा म्हणाले. आणि त्यांचा आवाज असा झाला ना, मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. “फ्रॉक असत्यात दोरीवर. लाल, पिवळं. बारकी हाय अजून. आधी आतच ठिवायची वाटतं, आता पायरीवर बसती. टाटा करती मला. दर टायमाला करती. तिला काय ठावं कोन हाय.”

आता ऐका. वनूताई त्या घरात नव्हती. दिवाळीच्या आधीच तिची बदली झाली होती, लांब, नंदुरबारकडे. आणि तिला मुलगी नव्हती. तिला मुलगा होता, इंद्रनील, आम्ही इंद्रू म्हणायचो, त्याला दात आलेले मी व्हिडिओवर बघितले होते. हे आईला माहीत होतं, भावाला माहीत होतं, आजीला माहीत होतं, आमच्या गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा माहीत होतं. फक्त अप्पांना नव्हतं. कारण तिचं नाव घरात घ्यायचं नाही हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मग सांगणार कोण?

मी सीटखाली वाकून बसले होते आणि मला कळत नव्हतं की हे मी बोलू कसं.

“घ्या रिव्हर्स,” मी एवढंच म्हणाले.

अप्पांनी स्टिअरिंग पूर्ण तोडलं, रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. गाडी चढावर मागं सरकली, इंजिन हललं, आणि हिरवी रेषा एकदम खाली पडली आणि सपाट झाली. गाडी बंद. बोळात अशी आडवी.

“बघ,” अप्पा म्हणाले. “हितंच पडती.”

मी उतरले. आता वाकून काय उपयोग होता. बॉनेट उघडलं आणि रिव्हर्समध्ये इंजिन जिकडं झुकतं तिकडं हात घातला, वायरींचा जुडगा चाचपत. आणि लगेच सापडलं, म्हणजे इतकं लगेच की मला स्वतःची लाज वाटली. दिवाळीत कुणीतरी स्टिअरिंगचा पंप बदलला होता, आणि बदलताना आमच्या सेन्सरचा जुडगा त्यानं स्टिअरिंगच्या पाइपला टेपनं घट्ट बांधून टाकला होता. फुल कट मारला की पाइप ताठ होतो आणि एका बाजूला ओढतो, रिव्हर्सला इंजिन दुसऱ्या बाजूला. मध्ये बिचाऱ्या तीन वायरी. निरोपाची वायर मी दोन बोटांत धरून ओढली तर ती चिंगमसारखी लांब झाली. वरून अख्खी, आत तांबं तुटलेलं. गाडी सरळ उभी असली की आतली टोकं एकमेकांना टेकायची आणि मीटर म्हणायचा सगळं ठीक. ओढ पडली की सुटायची.

मी टेप कापत होते आणि घराचं दार उघडलं.

अप्पा सीटवर एकदम आक्रसले. टॉवेल डोळ्यांपर्यंत.

एक बाई बाहेर आली. गोरी, ठेंगणीठुसकी, हाताला कणीक. मागून एक छोटी मुलगी, लाल फ्रॉक.

“पडली वाटतं परत बंद?” बाई म्हणाली, हसून. “मागं पण पडली होती. आमच्या ह्यांनी धक्का मारला होता. पाणी देऊ का काका?”

अप्पांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

“आमची परी तुमची वाट बघते हो,” बाई म्हणाली. “गाडीचा आवाज आला की जेवण सोडून पायरीवर. कोण आहेत गं ते म्हटलं तर म्हणते, माझे गाडीवाले आबा.”

परीनं टाटा केला.

अप्पांनी टॉवेल हळूच खाली घेतला. त्यांनी बाईकडे बघितलं. मग दाराकडे, मग दोरीवरच्या कपड्यांकडे. मग परत बाईकडे. माझ्या हातात वायरीची दोन टोकं होती आणि मला ती दिसत नव्हती.

“ह्या घरात,” अप्पा म्हणाले, “सिस्टरबाई ऱ्हात्यात न्हवं?”

“त्या? त्या गेल्या की. दिवाळीच्या आधीच. नंदुरबारला बदली झाली त्यांची. त्यांच्यानंतर आम्ही आलो.” बाई जरा थांबली. “तुमच्या ओळखीच्या का?”

बोळात कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. अप्पा समोर काचेतून बघत होते.

“दवाखान्यात बघितलं हुतं,” ते म्हणाले. “सुई हलकी द्यायच्या.”

“हो, सगळे तेच सांगतात,” बाई म्हणाली.

मग अप्पा मला म्हणाले, “सापडलं का?”

“सापडलं.”

“मग जोड की. काय बघत बसलीस.”

मी जोडलं. तुटलेला तुकडा काढला, नवी वायर घातली, टेप केली, पाइपपासून सोडवून चांगली ढिली ठेवली. जोड पक्का झाला, तो अजून तसाच आहे. अप्पांनी चावी फिरवली, त्याच चढावर, तोच फुल कट, तोच रिव्हर्स. रेषा हललीसुद्धा नाही.

परी टाटा करतच होती. मला वाटलं अप्पा बघणार नाहीत. पण त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला टाटा केला, नीट, पूर्ण हात हलवून, आणि म्हणाले, “जेव आता जा. जेवण सोडून येऊ नगं.”

फाट्यावर आलो. कारळेवाडीची दिशा धरली. वेळ होता, पण जेमतेम. अप्पा गाडी पळवत होते आणि गाडी कशी पळत होती म्हणून सांगू, लोण्यासारखी. मी वाट बघत होते की ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वळण घेत अप्पा म्हणाले, “तुला ठावं हुतं.”

“हो.”

“आईला?”

“हो.”

“आणि आजी?”

“सगळ्यांना, अप्पा.”

त्यांनी गियर बदलला. गरज नव्हती, तरी बदलला. “आन मला कुनी—” असं म्हणाले आणि पुढचं बोललेच नाहीत. कारण पुढचं त्यांना माहीत होतं ना.

“मुलगी नाहीये तिला,” मी म्हणाले. आता सुरू केलंच होतं. “मुलगा आहे. इंद्रनील. इंद्रू.”

“मुलगा,” अप्पा म्हणाले.

“दोन दात आलेत. वरचे आधी आले.”

“वरचं आधी आलं तर मामाला जड असतंय,” अप्पा म्हणाले, एकदम सवयीनं, आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की मी बाहेर बघायला लागले. करवंदीच्या जाळ्या, धूळ, ऊन. काहीतरी बघायचं म्हणून.

मी विचार केला नाही. खरंच सांगते, विचार केला असता तर केलंच नसतं. मी फोन काढला, ताईला लावला, स्पीकरवर टाकला आणि डॅशबोर्डवर ठेवला. अप्पांनी फोनकडे साप बघावा तसं बघितलं. पण बंद कर म्हणाले नाहीत.

“बोल गं चिमणे,” ताई म्हणाली.

तिचा आवाज गाडीत भरला. अप्पांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले, एवढंच.

“काही नाही, सहज,” मी म्हणाले. “काय करतेस?”

“आत्ता ड्यूटीवरून आले. काय ऊन आहे गं इथं, नळाचं पाणीसुद्धा चहासारखं येतं. आणि हा तुझा भाचा. काल भिंतीचा चुना खाल्ला. तोंड पांढरं करून बसला होता माझ्यासमोर, मी नाहीच त्यातली म्हणून. तू कुठं आहेस? गाडीत का?”

“हो. ट्रायल घेतेय. गिऱ्हाइकाची.”

“आवाज ओळखीचा वाटतो इंजिनचा.”

समोर खिंड दिसायला लागली होती. खिंड ओलांडली की रेंज जाते, पार कारळेवाडीपर्यंत फोनचा उपयोग नाही, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. मी अप्पांकडे बघितलं. वेळ अगदी काठावर आला होता. वर माणसं नंबरासाठी थांबलेली असणार.

अप्पांनी गाडी हळू केली. खिंडीच्या अलीकडे, जांभळाच्या झाडाखाली, बाजूला घेतली. आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. ताईचा आवाज मोठा वाटायला लागला.

“बंद केलीस का गाडी? उजू?”

अप्पा माझ्या कानाशी वाकले. तोंडाला तंबाखूचा वास. कुजबुजले, “तिला बोलती ठेव.”

मी विचारलं, इंद्रू रात्री झोपतो का. ती सांगायला लागली. विचारलं, दाजींची तब्येत. विचारलं, तिकडं बाजारात काय मिळतं. असले प्रश्न मी तिला जन्मात विचारले नव्हते. ती सांगत होती आणि अप्पा स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ऐकत होते, फोनकडे बघत, जणू तो फोन पायरीवर बसलाय.

मागून जीपचा आवाज आला. बाळू. त्यानं आमच्या शेजारी ब्रेक मारला, खिडकीतून डोकं बाहेर.

“काय अण्णा, पडली परत?”

मी तोंड उघडलं सांगायला, की नाही, दुरुस्त झाली, आम्हाला दोष सापडला, आता ती कधीच बंद पडणार नाही. अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पडली,” ते म्हणाले. “न्हाई व्हायची चालू. तू हो म्होरं. माणसं खोळंबली असतील, भर तू.”

“मग संपतरावांना काय सांगू?”

“सांग, दत्तूची गाडी बंद पडलीया. जे दिसतंय ते सांग.”

बाळू गेला. धूळ खाली बसली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोनवर ताई बोलायची थांबली होती.

म्हणजे तिनं ऐकलं होतं.

अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. फोनच्या पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते, मला वाटलं, ठेवला तिनं. मग तिकडं इंद्रू काहीतरी बडबडला, भांडं वाजलं, आणि ताईनं श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

“उजू,” ती म्हणाली. अगदी हळू, एकेक शब्द, जसं कानानं कमी ऐकणाऱ्याला सांगतात तसं. “तुला घर सांगितलंच नाही ना मी इथलं. तळमजल्यावर आहे. दाराला हिरवा रंग. समोर भलंमोठं मैदान आहे, सगळं सपाट. त्या तारखोलसारखं नाही. इथं कुणी जीप घेऊन आलं तर एका झटक्यात वळते.”